रात्रीच्या चित्रांची ओळखपरेड

लंडनच्या न्यू बाँड स्ट्रीटवर १८७७ सालच्या मे महिन्यात ग्रोव्हनर गॅलरी हे नवे कलादालन उघडले. जेम्स मॅक्‌नील व्हिसलर हा अमेरिकेत जन्मलेला आणि लंडनला स्थायिक झालेला चित्रकार (१८३४–१९०३) तेथे आठ चित्रे घेऊन आला होता. त्यांतील चार चित्रे रात्रीची होती. त्यांची नावे अशी : ‘काळा आणि सोनेरी’, ‘निळा आणि सोनेरी’, ‘निळा आणि रुपेरी’ आणि पुन्हा एकदा ‘निळा आणि रुपेरी’. चारही नावांच्या आधी ‘नॉक्टर्न’ हा शब्द होता. नदीचे नाव नाही, पुलाचे नाव नाही, गावाचा पत्ता नाही.

ही यादी हातात घेऊन आज कोणी ती चार चित्रे शोधू लागला, तर त्याची पहिलीच फसगत ठरलेली आहे. लंडनच्या टेट संग्रहालयात व्हिसलरचे एक जगप्रसिद्ध चित्र आहे : ‘नॉक्टर्न : निळा आणि सोनेरी – जुना बॅटरसी पूल’. तेव्हा १८७७ च्या यादीतले ‘निळा आणि सोनेरी’ ते हेच, असे कोणीही म्हणेल. पण ते हे नव्हे. टेटमधले हे चित्र त्या प्रदर्शनात ‘निळा आणि रुपेरी’ या नावाने लागले होते. आणि ज्याला तेव्हा ‘निळा आणि सोनेरी’ म्हटले होते, ते आज ग्लासगो शहराच्या बरेल संग्रहात ‘करडा आणि सोनेरी – वेस्टमिन्स्टर पूल’ या नावाने नांदते आहे.

नावे अशी अदलाबदल झालेली असताना, नुसत्या जुन्या यादीवरून रात्रीचे चित्र ओळखायचे तरी कसे? प्रश्न चित्रकलेचा वाटला, तरी त्याची रीत आपणा डॉक्टर मंडळींच्या अगदी ओळखीची आहे. म्हणून या स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

हरवण्याचे दोन प्रकार

चित्र दोन प्रकारे हरवते. एका प्रकारात ते देहानेच नाहीसे होते. जळते, चोरीला जाते, चित्रकार स्वतःच ते फाडून टाकतो. दुसऱ्या प्रकारात चित्र कोठेतरी भिंतीवर सुखरूप असते, पण त्याची ओळख हरवते. कोणी काढले, केव्हा काढले, त्याचे पहिले नाव काय, कोणत्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले, हे सांगणारे कोणी उरत नाही.

व्हिसलरच्या बाबतीत दोन्ही घडले. १८७९ साली त्याचे दिवाळे निघाले. घर आणि घरातल्या वस्तू धनकोंच्या हाती जाण्यापूर्वी त्याने आपले काही कॅनव्हास स्वतःच नष्ट केले. आणि जी चित्रे वाचली, त्यांची नावे तो आयुष्यभर बदलत राहिला. अँड्र्यू मॅकलारेन यंग, मार्गारेट मॅकडोनाल्ड, रॉबिन स्पेन्सर आणि हेमिश माइल्स या अभ्यासकांनी त्याच्या तैलचित्रांची समग्र सूची १९८० साली दोन खंडांत प्रसिद्ध केली. आज हाती नसलेल्या चित्रांनाही या सूचीत आपापला क्रमांक आहे. चित्र नाही, पण त्याची नोंद आहे, आणि नोंद आहे म्हणून शोधाला जागा आहे.

‘नॉक्टर्न’ हे नाव

नॉक्टर्न हा पाश्चात्त्य संगीतातला शब्द आहे. रात्रीचा भाव जागवणारी, बहुधा पियानोवर वाजवायची संथ रचना, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे जसे रात्रीच्या प्रहराचे राग आहेत, तशीच काहीशी ही कल्पना. लिव्हरपूलचा जहाजमालक फ्रेडरिक लेलँड हा व्हिसलरचा आश्रयदाता होता आणि स्वतः पियानो वाजवीत असे. चांदण्यातल्या चित्रांना हे नाव त्याने सुचवले. व्हिसलरने १८७२ साली पत्र लिहून त्याचे आभारही मानले.

त्याआधी, १८७१ साली, लंडनच्या डडली गॅलरीत व्हिसलरने ‘हिरवट निळ्याची सुसंगती – चांदणे’ अशा अर्थाच्या नावाने एक चित्र लावले होते. हेच चित्र पुढे ‘नॉक्टर्न : निळा आणि रुपेरी – चेल्सी’ झाले. म्हणजे नव्या नावाचा शोध लागताच जुन्या चित्राचेही बारसे नव्याने झाले. १८९२ साली लंडनच्या गूपिल गॅलरीत त्याने आपल्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले, तोवर नावांचे आणखी फेरफार झाले होते. चित्र म्हणजे रंगांचे संगीत, त्यात गोष्ट शोधू नये, हे त्याचे मत होते. त्या मताप्रमाणे स्थळाचे नाव दुय्यम. त्याच्या कलेला हे शोभले, पण पुढच्या अभ्यासकांना त्याने कामाला लावले.

चेल्सीचे ते चित्र ज्या अलेक्झांडर कुटुंबाकडे होते, त्या घरातल्या सिसली नावाच्या आठ वर्षांच्या मुलीचे व्यक्तिचित्रही व्हिसलरने काढले आहे. त्यासाठी त्या पोरीला सत्तरांहून अधिक वेळा उभे राहावे लागले आणि अनेकदा ती रडकुंडीला आली. चित्रातला तिचा फुगलेला चेहरा पाहून माझ्यासारख्या बालरोगतज्ज्ञाला तिची बाजू लगेच पटते! त्याच घरातल्या दोन बहिणींनी १९७२ साली ते चांदण्याचे चित्र टेट संग्रहालयाला दिले. त्या चित्राची ओळख टिकली, त्यात एकाच घराने ते शंभर वर्षे सांभाळले, याचा वाटा मोठा आहे.

अंधारात डोळा काय पाहतो

रात्रीचे चित्र ओळखणे दिवसाच्या चित्रापेक्षा अवघड का, याचे एक कारण आपल्या शरीरविज्ञानाच्या पुस्तकात आहे. दृष्टिपटलावर सुमारे ६० लाख शंकुपेशी असतात आणि सुमारे १२ कोटी दंडपेशी. रंग आणि बारकावे शंकूंमुळे दिसतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. मंद उजेडात काम दंडपेशींचे. त्यांना प्रकाशाचा कण पुरतो, पण रंगभेद आणि कडा त्यांना नीट कळत नाहीत. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला तीस ते चाळीस मिनिटे लागतात.

शिवाय उजेड घटत गेला की डोळ्याची संवेदनक्षमता निळ्याकडे सरकते. भरदिवसा ती ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे हिरवट पिवळ्या रंगाला, सर्वाधिक असते. अंधारात ती ५०७ च्या आसपास येते. म्हणूनच संध्याकाळी बागेतले तांबडे जास्वंद आधी काळे पडते आणि निळी गोकर्ण बराच वेळ उजळ दिसत राहते. बोहेमियाच्या पुर्किन्ये या शरीरवैज्ञानिकाने १८२५ साली याचे वर्णन केले. व्हिसलरच्या रात्री निळ्या आणि रुपेरी आहेत यात त्याची आवड आहेच, पण डोळ्याचा धर्मही आहे. ज्या मुलाला अ-जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा आला आहे, त्याला हा सगळा निळा प्रहर दिसतच नाही. लहान मुलांना नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत या जीवनसत्त्वाच्या नऊ मात्रा आपण देतो, त्या दंडपेशींतल्या याच रसायनासाठीही.

व्हिसलर रात्री टेम्स नदीवर होडीतून जाई. शेजारचे ग्रीव्ह्‌ज बंधू होडी वल्हवीत. तो एखादे दृश्य निरखून पाही, मग त्याकडे पाठ फिरवून बरोबरच्याला ते पाठ म्हणून दाखवी : इतके दिवे, इतक्या अंतरावर, आकाशाचा रंग असा. पाठ पक्का झाला की दुसऱ्या दिवशी स्मरणाने चित्र काढायचे. रंग तो इतके पातळ करी की ते ओघळू नयेत म्हणून कॅनव्हास जमिनीवर आडवा ठेवावा लागे. अशा चित्रात उरते काय? एक किनारा, दोन-चार दिवे, पाण्यातली त्यांची थरथर. प्रदर्शन पाहून वृत्तपत्रात लिहिणाऱ्यालाही एवढेच लिहिता येई : निळसर धुके, पलीकडे दिवे. हे वर्णन एका चित्राला लागू पडते तसे दहा चित्रांना.

त्यात काळाची भर पडते. चित्रावरचे व्हार्निश वर्षानुवर्षे पिवळे पडत जाते. निळ्यावर पिवळा पडदा आला की निळा हिरवट दिसू लागतो, रुपेरी मळकट सोनेरी वाटू लागते. ज्या चित्राचे नावच ‘निळा आणि रुपेरी’, त्याची ओळख पटवणारा पुरावा अशा रीतीने चित्राच्या पृष्ठभागावरच पुसट होतो.

न्यायालयातली साक्ष

तरीही ग्रोव्हनरमधली ती चार चित्रे आज निश्चित ओळखता येतात. याचे श्रेय एका भांडणाला आहे.

जॉन रस्किन हा त्या काळचा इंग्लंडमधला सर्वांत वजनदार कलासमीक्षक. ‘काळा आणि सोनेरी’ या चित्रावर त्याने जुलै १८७७ मध्ये जळजळीत टीका केली. चित्राची किंमत होती २०० गिनी. लोकांच्या तोंडावर रंगाचे भांडे फेकून एवढे पैसे मागणारा उद्धट माणूस, असा त्या टीकेचा रोख होता. व्हिसलरने अब्रुनुकसानीचा दावा लावला. २५ आणि २६ नोव्हेंबर १८७८ असे दोन दिवस बॅरन हडलस्टन यांच्यापुढे सुनावणी झाली. पंचांना चित्रे नीट पाहता यावीत म्हणून जवळच्या वेस्टमिन्स्टर पॅलेस हॉटेलात ती मांडून ठेवली होती.

रस्किनच्या वतीने सर जॉन होकर यांनी उलटतपासणी घेतली. हे चित्र काढायला किती वेळ लागला? दोन दिवस. मग दोन दिवसांच्या श्रमाचे तुम्ही २०० गिनी मागता? व्हिसलरने उत्तर दिले की नाही, ही किंमत जन्मभर मिळवलेल्या ज्ञानाची आहे. पाच मिनिटांच्या तपासणीची फी एवढी कशी, या प्रश्नाला तोंड दिलेल्या प्रत्येक सभासदाने हे उत्तर लक्षात ठेवावे! व्हिसलर खटला जिंकला. नुकसानभरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. दाव्याचा खर्च ज्याचा त्याच्यावर पडला आणि पुढच्या मे महिन्यात व्हिसलर दिवाळखोर ठरला.

कलेच्या इतिहासाला मात्र या खटल्याचा फार उपयोग झाला. प्रदर्शनाच्या यादीत जे नव्हते, ते साक्षीत आले. चारांपैकी विकाऊ चित्र एकच होते, ‘काळा आणि सोनेरी’, असे व्हिसलरने शपथेवर सांगितले. उरलेली तीन आधीच घरोघर गेलेली होती आणि मालकांकडून प्रदर्शनापुरती आणली होती. ‘निळा आणि सोनेरी’ श्रीमती पर्सी विंडम यांचे. एक ‘निळा आणि रुपेरी’ श्रीमती लेलँड यांचे. दुसरे ‘निळा आणि रुपेरी’ विल्यम ग्रॅहम यांचे.

ग्रॅहम यांच्या चित्रावर तर प्रश्नांची सरबत्ती झाली. पुलावर जे दिसते ती माणसे आहेत काय? तुम्हांला हवे ते समजा, असे उत्तर मिळाले. आणि खाली ती नाव आहे काय? आपल्या ते लक्षात आले याचा मला आनंद आहे, असे व्हिसलर म्हणाला. विनोदाचा भाग सोडला, तर ही उलटतपासणी म्हणजे चित्राचे लेखी वर्णनच होय. पूल, त्यावर माणसांच्या आकृती, खाली नाव. सुमारे ६८ सेंटिमीटर उंच आणि ५१ सेंटिमीटर रुंद असलेल्या टेटमधल्या ‘निळा आणि सोनेरी’ या चित्रात हे सर्व जागच्या जागी आहे. वकिलाने चेष्टेसाठी विचारलेले प्रश्न पुढच्या पिढ्यांसाठी ओळखीच्या खुणा ठरले.

‘बेबी ऑफ...’

नावे सारखी, रंग सारखे, आकार जवळपास सारखे. अशा वेळी ओळखीचा धागा कोणता? धागा मालकाच्या नावाचा.

नवजात बालकांच्या कक्षात हेच घडते. बाळाला नाव नसते. त्याच्या मनगटावरच्या पट्टीवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव असते. एकाच दिवशी दोन सुनीता बाळंत झाल्या, तर नुसत्या नावाने भागत नाही. नोंदणी क्रमांक, जन्मवेळ, वजन आणि लिंग जुळवून पाहावे लागते. बाळ पुढे ज्या नावाने शाळेत जाईल, ते नाव त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. पण आईचे नाव आणि क्रमांक नीट लिहिला असेल, तर वीस वर्षांनंतरही जन्माची नोंद सापडते.

ग्रोव्हनरमधल्या चित्रांचे तसेच झाले. विंडम यांचे बाळ आज ‘करडा आणि सोनेरी – वेस्टमिन्स्टर पूल’ या नावाने ग्लासगोत आहे. लेलँडबाईंचे चित्र आपले जुने नाव राखून १९४३ साली ग्रेनव्हिल विन्थ्रॉप यांच्या मृत्युपत्रान्वये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयात पोचले. ग्रॅहम यांचे चित्र १८८६ साली ख्रिस्टीजच्या लिलावात आले, तेव्हा जमलेल्या लोकांनी त्याची हुर्यो केली. ते साठ गिनींना गेले. १९०५ साली तेच चित्र राष्ट्रासाठी २,००० पौंडांना विकत घेतले गेले. आणि ज्याच्यावरून खटला झाला ते ‘काळा आणि सोनेरी – कोसळता अग्निबाण’ १८९२ मध्ये ८०० गिनींना अमेरिकन खरेदीदाराकडे गेले. १९४६ पासून ते डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात आहे.

चित्रांत जे दिसते, त्याचा माग घेऊन आज प्रत्यक्ष स्थळाशी ताडून पाहावे म्हटले, तर तेही पुरते साधत नाही. बॅटरसीचा तो लाकडी पूल १८८५ साली पाडला. ज्या क्रेमोर्न बागेत दारूकामाचे अग्निबाण उडत, ती बाग १८७७ मध्येच बंद झाली. स्थळ गेले, नाव बदलले, रंगही व्हार्निशखाली मळले. टिकली ती फक्त कागदावरची साखळी.

एका डॉक्टरने राखलेला सूर्य

या साखळीचे दुसरे उदाहरण आपल्या व्यवसायबंधूचे आहे. क्लोद मोने याने फ्रान्सच्या ल हाव्र बंदराचे चित्र काढले. धुके, काळ्या होड्या आणि तांबडा सूर्यगोल. १८७४ साली पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत जे प्रदर्शन भरले, त्याच्या यादीत ते ९८ व्या क्रमांकावर ‘इंप्रेशन, सूर्योदय’ असे होते. त्या नावावरूनच एका टीकाकाराने या मंडळींची थट्टा केली आणि इंप्रेशनिस्ट हे नाव जगभर रूढ झाले.

एर्नेस्त ओशदे याने ते ८०० फ्रँकला घेतले. १८७८ मध्ये त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हा यादीत त्याच चित्राचे नाव होते ‘इंप्रेशन, सूर्यास्त’. ते २१० फ्रँकला घेतले जॉर्ज द बेल्यो यांनी. हे मूळचे रुमानियाचे, पॅरिसमध्ये होमिओपॅथीची प्रॅक्टिस करणारे डॉक्टर. मोने, रेनुआर, पिसारो यांना औषध द्यायचे आणि अडचणीत त्यांची चित्रेही घ्यायचे. १८७९ च्या प्रदर्शनासाठी त्यांनी हे चित्र दिले, तेव्हा यादीत छापले गेले ‘धुक्याचा परिणाम, इंप्रेशन’. पाच वर्षांत एकाच चित्राची तीन नावे : उगवता सूर्य, मावळता सूर्य आणि धुके!

डॉक्टरांच्या मुलीने ते चित्र १९४० साली पॅरिसच्या मार्मोत्ताँ संग्रहालयाला दिले. पण ९८ व्या क्रमांकाचे ऐतिहासिक चित्र ते हेच का, आणि सूर्य उगवतो आहे की मावळतो आहे, याविषयी विसाव्या शतकात मोठ्या अभ्यासकांनी शंका काढल्या. निर्णय कसा झाला पाहा. मोनेने बंदराच्या कोणत्या खिडकीतून पाहिले हे आधी ठरवले. तेथून सूर्य आग्नेयेकडे दिसतो, म्हणजे ही सकाळच. मग टेक्सासच्या डोनाल्ड ओल्सन या खगोलभौतिकीच्या प्राध्यापकाने सूर्याची क्षितिजावरची उंची, भरतीची वेळ, त्या दिवसांतले हवामानाचे अहवाल आणि धुराच्या कलावरून वाऱ्याची दिशा असे सर्व ताडून पाहिले. २०१४ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : सर्वाधिक संभव १३ नोव्हेंबर १८७२ या दिवसाचा, सकाळी साडेसातच्या सुमाराचा. सहीजवळ मोनेने लिहिलेला ‘७२’ हा आकडा त्याच्याशी जुळतो.

हे चित्र १९८५ साली संग्रहालयातून चोरीला गेले आणि १९९० मध्ये कॉर्सिका बेटावर सापडले. म्हणजे हरवण्याचे दोन्ही प्रकार त्याच्या वाट्याला आले आणि दोन्हींतून ते परतले.

क्रमांक १८०

तिसरे उदाहरण व्हॅन गॉगचे. ४ जुलै १८८८ च्या संध्याकाळी आर्ल गावाजवळ, खडकाळ माळावरचे ओक वृक्ष आणि मागच्या टेकडीवरचा भग्न मठ त्याने रंगवला. दुसऱ्याच दिवशी भाऊ थिओला पत्रात त्याचे वर्णन कळवले. ९३.३ बाय ७३.३ सेंटिमीटरचे हे चित्र ख्रिश्चन मुस्टाड या नॉर्वेच्या उद्योगपतीने १९०८ च्या सुमारास घेतले. मग कोणीतरी ते नकली असल्याचे सांगितले आणि चित्र माळ्यावर गेले. १९९१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयानेही, सही नाही म्हणून, ते नाकारले.

२०११ पासून त्याच संग्रहालयाने पुन्हा दोन वर्षे अभ्यास केला. रंगद्रव्ये व्हॅन गॉगच्या त्या काळातल्या रंगांशी जुळली. पत्रातले वर्णन जुळले. आणि कॅनव्हासच्या मागे १८० हा आकडा होता. थिओच्या घरी असलेल्या चित्रांची १८९० मध्ये केलेली यादी काढली. १८० व्या क्रमांकावर लिहिले होते : आर्ल येथील सूर्यास्त. ९ सप्टेंबर २०१३ रोजी संग्रहालयाने ते चित्र व्हॅन गॉगचे म्हणून जाहीर केले. पुढून पाहणाऱ्यांनी शंभर वर्षे ज्याला नाकारले, त्याची ओळख मागच्या बाजूच्या तीन अंकांनी पटायला मदत केली.

निदानाची रीत

या तीन कहाण्या एकत्र ठेवल्या की रीत स्पष्ट होते. पहिली गोष्ट, नावावर विसंबू नये. नाव हे लक्षणासारखे आहे; एकच लक्षण अनेक आजारांत दिसते आणि एकच आजार अनेक लक्षणांनी प्रकटतो. दुसरी, ज्या गोष्टी सहसा बदलत नाहीत त्या आधी पाहाव्यात : मापे, कॅनव्हास, मागची चिठ्ठी, आकडे. तिसरी, मालकीची साखळी एकेक कडी तपासत न्यावी. कडी तुटली असेल तेथे अंदाजाने जोड देऊ नये, तर तुटली आहे असे लिहावे. चौथी, त्याच काळातली स्वतंत्र साक्ष शोधावी : वृत्तपत्रातले परीक्षण, पत्र, लिलावाची यादी, प्रसंगी न्यायालयातली जबानी. प्रयोगशाळा त्यानंतर. क्षकिरण आणि रंगद्रव्यांची तपासणी ‘हे अशक्य आहे’ असे पुष्कळदा ठामपणे सांगू शकते. ‘हे तेच आहे’ असे एकट्याने क्वचितच. इतिहास, तपासणी, मग चाचण्या, हा आपला क्रम येथेही खरा ठरतो.

शेवटी निष्कर्षाची प्रत सांगावी. निश्चित, संभाव्य, शक्य, या तीन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शक्य असलेल्याला निश्चित म्हणण्याचा मोह येथे मोठा असतो, कारण त्या एका शब्दावर लाखो रुपयांची किंमत फिरते. आणि एकदा घाईने ‘नकली’ म्हटले, तर व्हॅन गॉगसुद्धा माळ्यावर जातो.

आपल्या भिंतींवरची चित्रे

आपल्या वडोदऱ्याला हा विषय परका नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी राजा रविवर्मा यांच्याकडून लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली. १८९० साली येथे कलाभवन सुरू झाले. १९२१ साली चित्रसंग्रहालय लोकांसाठी उघडले. त्यातली युरोपीय चित्रे मेरियन स्पीलमन या लंडनच्या कलासमीक्षकाने महाराजांसाठी निवडली होती. राजाच्या संग्रहाला दप्तर असते, क्रमांक असतो, सांभाळणारा असतो. प्रश्न आपल्या घरांचा आहे.

चार-पाच पिढ्या या शहरात राहिलेल्या मराठी घरांत पणजोबांचे तैलचित्र आहे, कोणा शिक्षकाने काढलेले विश्वामित्रीच्या काठचे चांदणे आहे, मुंबईच्या प्रदर्शनातून आणलेले एखादे निसर्गचित्र आहे. आजीला माहीत असते ते कोणी काढले. सुनेला अर्धे माहीत असते. नातवाला फक्त ‘ते जुने चित्र’ एवढेच माहीत असते. वाडा पडतो, फ्लॅट होतो, फ्रेमवाला जुनी चौकट आणि मागचा पुठ्ठा काढून फेकतो, आणि त्याबरोबर चिठ्ठीही जाते. तीन पिढ्यांत चित्र अनाथ होते. जागेवरच असते, पण अनाथ.

यावर उपचार सोपा आहे आणि फुकटचा आहे. चित्राची पुढून आणि मागून छायाचित्रे घ्यावीत. चित्रकार, विषय, मापे, कोणाकडून कधी आले, हे एका कागदावर लिहून वहीत जपावे. कॅनव्हासच्या पाठीवर काही लिहू नये वा चिकटवू नये. लाकडी चौकटीवर मऊ शिसपेन्सिलीने छोटा क्रमांक घालावा. फ्रेम बदलली तरी जुनी चिठ्ठी, जुनी पावती, प्रदर्शनाची पिवळी पडलेली यादी टाकू नये. आणि घरातले जे वडीलधारे माणूस हे सांगू शकते, त्याच्याजवळ येत्या रविवारी अर्धा तास बसावे.

बाळ जन्मल्यावर त्याच्या मनगटावर पट्टी बांधायला परिचारिकेला एक मिनिट लागते. त्या मिनिटाचा आळस झाला, तर पुढे ती ओळख पटवायला न्यायालय, प्रयोगशाळा आणि कित्येक वर्षे लागू शकतात. चित्रांचेही तसेच आहे. व्हिसलरच्या रात्री पुन्हा सापडल्या, कारण कोणीतरी विंडम, लेलँड आणि ग्रॅहम ही तीन नावे वेळीच लिहून ठेवली होती.